काचेवरचा रस्ता

नगररचनेच्या कचेरीत काचेचं एक टेबल होतं, खालून दिवा लागणारं. त्यावर पारदर्शक कागद अंथरून ती नकाशांच्या शाईतल्या प्रती काढायची. एकतीस वर्षं. सगळे तिला काचताईच म्हणत. दिवा लागला की काच दुधासारखी व्हायची आणि काचताई रेघांवरून चालायला निघायची. ही शाळा, इथून वळलं की दवाखाना, आणि पार टोकाचा तो चिमुकला चौकोन म्हणजे धाकटीचं घर.

धाकटी म्हणजे तिची बहीण, दवाखान्यात नर्स. घर मिळालं ते नव्या वसाहतीत, बसथांब्यापासून पाऊण तासाच्या पायपिटीवर. उशिराबद्दल दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा मिळाली की नोकरीवर पाणी सोडायचं. ती तग धरून होती ती ताईच्या शब्दावर. वर्षभर कळ काढ, बसचा रस्ता तुझ्या दारावरून जातोय, माझ्याच हाताने काढलाय.

कचेरीत मात्र एका छपराखाली दोन चुली. वरच्या मजल्यावरचे जमीनवाले घरं-बाजार कुठे ते ठरवायचे, खालच्या मजल्यावरचे रस्तेवाले रस्ते आखायचे. दोघांचे कागद एकमेकांना भेटायचे ते काचताईच्या टेबलावर. साहेब तर तिथेही भेटत नसत.

त्या रविवारी धाकटी येऊन दारातच बसली.

"ताई, रस्त्याच्या खुंट्या ठोकल्या. ओढ्यापलीकडे."

काचताई हसली. "ठोकणाऱ्यांनी नकाशा उलटा धरला असेल."

"उलटा धरला असता तर रस्ता तुझ्या स्वयंपाकघरात शिरला असता," धाकटी म्हणाली आणि पायाची बोटं चोळत राहिली.

सोमवारी काचताईने दोन्ही कागद काचेवर घेतले. सवयीने कोपऱ्याला कोपरा जुळवला. रस्ता अगदी चौकोनाच्या दारावरून गेला. बरोबरच तर होतं. मग तिची नजर फुलीवर गेली. पाण्याच्या टाकीची फुली. दोन्ही मजल्यांची मोजणी तिथूनच सुरू व्हायची. इथे मात्र दोन फुल्या दिसत होत्या, दोन बोटांच्या अंतरावर. मग आठवलं: रस्तेवाल्यांनी नव्या कपाटात मावावेत म्हणून आपले कागद एका कडेने छाटले होते. एखाद्या नवख्याने फुल्या जुळवल्या असत्या. एकतीस वर्षांचा हात कोपऱ्याकडे गेला होता.

तिने कागद हळूच सरकवला. फुलीवर फुली बसली, आणि रस्ता दोर सुटलेल्या होडीसारखा तरंगत ओढ्यापलीकडे गेला. दुधाळ उजेडात चौकोन एकटा राहिला. त्याच्या दारातून कुणीतरी निघालंय आणि चालतंच आहे, असं तिला वाटत राहिलं.

दोन्ही कागद जुळवून काढलेला एकत्र नकाशा तिच्या हातचा होता आणि त्याच्यावरच साहेबांनी माना डोलावल्या होत्या. शुक्रवारी शिक्का बसला की रस्ता पक्का. निवृत्तीला आठ महिने उरलेले. मूग गिळून बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

तिने दोन्ही साहेबांना टेबलाशी बोलावून घेतलं.

"हे कुणी जुळवलं?" रस्तेवाले साहेब म्हणाले.

"मी. छाटलेत तुम्ही, पण न बघता कोपरे जुळवले ते मी."

जमीनवाले साहेब मिशीत हसले.

"तुम्ही हसू नका, साहेब. घरं ओढ्याकाठी नेऊन ठेवलीत, तेव्हा खाली विचारलं होतंत, माणसं जाणार कशी?"

साहेब वाकून बघू लागले. काचेवर पहिल्यांदाच दोन टकलं एका उजेडात आली. एक म्हणे ओढ्यावर मोरी बांधू, दुसरा म्हणे रस्ताच अलीकडे वळवू. तंडत राहिले, दिवा तापेपर्यंत. शेवटी रस्ता वळला. काचताईच्या नावापुढे मात्र चूक केल्याचा शेरा पडला.

तिने ब्लेडने जुनी रेघ खरवडली. शाई गेली, उजेडाविरुद्ध धरलं की व्रण दिसायचा. त्याच्या अलीकडे नवी रेघ ओढताना ती चौकोनापाशी जरा थांबली, बस थांबते तशी.

महिन्याभराने धाकटीचा फोन आला. नवी खुंटी बरोबर दारासमोर ठोकली होती.

"रोज ठेच लागते, ताई."

"वर्षभर कळ काढ," काचताई म्हणाली.