सहा फुटी चिखल

नणंदेच्या वास्तुशांतीला मी खाडीचं चित्र दिलं आणि त्यात तिचा नवरा निघाला.

मूळ चित्र तसं निर्दोष होतं. पोस्टकार्डाएवढं. वर राखाडी आभाळ, खाली ओहोटीची खाडी आणि मधोमध चिखलाचा एक तपकिरी डाग. नेरुळच्या शनिवारच्या क्लासमध्ये काढलं, तेव्हा सर म्हणाले होते, "अर्धअमूर्त छान जमलंय." (म्हणजे काय काढलंय ते अर्धंच कळतं. हे कौतुक होतं, असं मी धरून चालले.)

नणंदेने, म्हणजे सुलभाने, ते पाहिलं. "वहिनी, उरणच्या नव्या घराला असंच दे ना. पण मोठं! हॉलची भिंत नुसती ओकीबोकी दिसते."

वीस वर्षांत सुलभाने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं. (पुरणपोळी कशी करायची हेसुद्धा तिने माझ्यादेखत शेजारणीला विचारलं होतं!) मी हुरळून म्हटलं, "सहा फुटी देते!"

हे ऐकून सर सावध झाले. "पोस्टकार्डावरचा डाग लोक आपणहून चिखल समजतात. तोच सहा फुटी झाला की काहीही दिसू शकतो. लांबून बघत बघत काढा. आणि टेक्स्चर जपून वापरा."

यातलं मी फक्त 'वापरा' ऐकलं.

चिखलासाठी भिंतीची पुट्टी आणली. त्यात वाळू कालवली. गवताचा भास व्हावा म्हणून भांडी घासायचा काथ्या पिंजून डागाच्या बरोब्बर मध्यावर आडवा चिकटवला. हात फिरवला की खरीच खाडी! अगदी ओरखडेसुद्धा यायचे!

"जरा लांबून बघ की," माझा नवरा अविनाश म्हणाला.

"कुठून? हॉल नऊ फुटांचा. त्यात सोफा, टीव्ही आणि तू!"

दार उघडून जिन्यातून पाहिलं, तर एक तृतीयांश चित्र आणि दोन तृतीयांश शू-रॅक दिसलं. तेवढ्या एक तृतीयांशावर मी खूश झाले.

चित्र लिफ्टमध्ये मावेना. अविनाश आणि वॉचमन ते सात मजले उतरवत होते आणि दर मजल्याला अविनाशचा प्रश्न, "खाडीच आहे ना गं? डोंगर नाही ना?"

उरणला पोचलो तर सुलभाचा हॉल चांगला वीस फुटांचा! सोफ्याच्या वर चित्र लागलं. पूजा आटोपली होती, पाहुणे जमले होते. मी समोरच्या भिंतीला पाठ लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं चित्र अख्खं पाहिलं.

गोल चेहरा. दुहेरी हनुवटी. पुट्टीच्या उंचवट्याचं नाक. त्याखाली काथ्याची घनदाट मिशी. हुबेहूब विलासराव, सुलभाचा नवरा!

वाटलं, मलाच दिसतंय. तेवढ्यात शेजारच्या हिराबाई ओरडल्या, "गो बाय, यो त आपला इलास हाय! मिशी पन हाय!"

"नाही हो," मी घाईघाईने म्हटलं, "तो चिखल आहे!"

हॉलमध्ये शांतता पसरली. खरे विलासराव हातात प्रसादाचं ताट घेऊन उभे होते. "मी चिखल?"

"तुम्ही नाही! म्हणजे... पाणी उतरल्यावर जे खाली राहतं ना, ते."

"वहिनी," सुलभा दात आवळून म्हणाली, "तू आता बोलूच नको."

पण तेवढ्यात विलासरावांचे एक दूरचे काका उशिरा आले. आत पाऊल टाकताच समोर पुतण्याचा सहा फुटी चेहरा आणि हॉलभर गप्प माणसं. काकांचा व्हायचा तो समज झाला. दारासाठी आणलेला झेंडूचा हार त्यांनी सोफ्यावर चढून चित्राला घातला, हात जोडले आणि गहिवरून म्हणाले, "कुनी कलवलं पन नाय रं!"

"काका, मी इथं हाय!" मागून विलासराव ओरडले.

काका दचकून सोफ्यावरून घसरले. घसरताना त्यांनी आधाराला मिशी धरली. ती पुट्टीच्या दोन ढेकळांसकट त्यांच्या हातात आली.

मी पदरात तोंड लपवलं. वीस वर्षांनी नणंदेने मागितलेली एकुलती एक गोष्ट, आणि मी तिच्या धडधाकट नवऱ्याला हार घालायला लावला! चपला कुठे काढल्या ते आठवू लागले. तेवढ्यात गडगडाटी हसू ऐकू आलं. विलासराव! काकांच्या हातातली मिशी स्वतःच्या मिशीवर धरून ते म्हणाले, "सुलभे, काढ फोटो! माझ्या पगारात एवढं मोठं चित्र मला कोण काढून देणार होतं?"

सुलभाने फोटो काढला. ओठ चावत काढला, पण तिसऱ्या फोटोला तीही फुटली. माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, राहू दे हे इथेच. फक्त मिशी नीट चिकटवून जा."

पुढच्या शनिवारी तो फोटो मी सरांना दाखवला. "बाई, निसर्ग सोडा," ते गंभीरपणे म्हणाले. "तुमचा हात पोर्ट्रेटचा आहे!"

मी ते मनावर घेतलं. तीन रविवार अविनाशला खुर्चीत हलू न देता बसवलं, टेक्स्चर बेतानेच वापरलं आणि चित्र क्लासला नेलं.

सगळा क्लास उठून उभा राहिला. सर तर भारावूनच गेले.

"वा! खारघरचा डोंगर काय सुरेख काढलाय!"