आत्याचं मिठाचं पाणी
परवा नर्सने हाताला स्पिरिटचा बोळा लावला आणि त्या वासासरशी अकोल्याच्या दवाखान्यातली एकोणीसशे साठ सालानंतरची एक उन्हाळी दुपार आठवून माझं डोकं पुन्हा तापलं. वडिलांच्या मानेत कॅन्सरच्या गाठी होत्या. त्यावरचं मुंबईहून मागवलेलं औषध शिरेतून गेलं की ते ओकून ओकून अर्धे होत, म्हणून त्या दिवशी डॉक्टरांनी आधी उलटी थांबवणारी सुई दिली. मी खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारत होते, आणि वडील चक्क वरण-भात मागत होते. हिवरखेडहून सोबतीला आलेल्या आत्याचं तोंड मात्र उतरलं. “उलटी झालीच नाही, मंग रोग बाहेर कसा पडन? औषध लागलंच नाही त्याले.” मी म्हटलं, “आत्या, उलटी होऊ नये म्हणूनच तर सुई दिली.” “डाक्टरले काय समजते? भाऊ माहा हाये,” ती म्हणाली. मी घरून भात घेऊन परत येते तो हिने कोमट मिठाचं पाणी पाजून त्यांना ओकायला लावलेलं. “पाह्य, आता निंगालं सारं,” असं म्हणत ती पदराने त्यांचं तोंड पुसत होती, आणि घामाने भिजलेले वडील निमूट मान हलवत होते. मी डबा असा आपटला की झाकण उडून खाटेखाली गेलं. आता तोच रोग माझ्या वाट्याला आलाय. परवा मलाही औषधाआधी उलटी थांबवणारी सुई दिली. उलटी झाली नाही, घरी येऊन पोटभर जेवले, आणि हात धुताना मनात आलं, औषध लागलं असेल ना?