हात न लागलेला डोंगर

आत्याचं वय ऐंशीच्या पुढं गेल्यावर तिनं माझ्याकडं पहिल्यांदा काही मागितलं. ताडकळसला तिच्या ओट्यावर बसलो होतो. ती म्हणाली, "लेकरा, मला एकदा डोंगरातल्या वसाहतीवर नेऊन आण."

जिंतूरच्या डोंगरात धरणाचं काम चालू होतं तेव्हा ती वसाहत उठली होती. आत्या लग्न होऊन तिथंच गेली. तिचा नवरा, आमचा मामा, दगड फोडायच्या यंत्रावर कामाला आणि ती खडी वाहायला. एक दिवस यंत्राच्या पट्ट्यात मामाचा हात गेला. साहेबांची जीप उभी होती, पण ती साहेबांसाठी होती. बाजेवर घालून घाट उतरवताना मामा वारला. काही दिवसांनी आत्या पुन्हा त्याच यंत्राखाली खडी भरायला उभी राहिली. घरी यापलीकडं कुणी कधी बोललं नाही.

मी जीप ठरवली. जिंतूर सोडल्यावर रस्ता चढू लागला, मग नुसती चाकोरीच उरली. वर पोचलो आणि खरं सांगतो, डोळे निवले. दोन्ही बाजूंना सागाचं रान, खाली स्वच्छ ओढा, कुठंतरी मोर ओरडत होता. मधोमध दगडी खोल्यांच्या दोन ओळी, गंजलेलं यंत्र आणि बॉयलरचं धुराडं. वसाहतीचं आता पर्यटनस्थळ केलं होतं आणि पाटीवर लिहिलं होतं: 'मानवी हात न लागलेला निसर्ग'. मी ते आत्याला वाचून दाखवलं.

"हात न लागलेला?" ती म्हणाली. "ह्यो डोंगर आमी हातानंच फोडलाय की."

माहिती सांगायला नेमलेला तरुण चार पर्यटकांना म्हणत होता, "इथं पूर्वी काहीच नव्हतं. साहेब लोकांनी जंगलात हे सगळं उभं केलं." आत्या ऐकत राहिली. मग त्यांच्यातल्या एका मुलीनं यंत्राजवळ शोभेला ठेवलेलं घमेलं उचलून तिच्यापुढं धरलं.

"आजी, हे डोक्यावर घ्या ना. फोटो छान येईल."

मी पुढं सरसावलो. आत्यानं हातानंच मला थांबवलं. तिनं घमेलं घेतलं, पालथं घातलं आणि त्यावर बसली. गुडघे दुखायलेत म्हणाली. मुलीनं तसाच फोटो काढला.

वरच्या ओळीत एक म्हातारी अजून राहते. काठी टेकत ती आली, आत्याकडं बराच वेळ बघत राहिली.

"तू खालच्या ओळीतली ना गं?"

"व्हय."

"मला वाटलंच." एवढं बोलून ती परत फिरली. तिनं नाव विचारलं नाही, आत्यानंही सांगितलं नाही. वरच्या ओळीला झऱ्याचं पाणी होतं, खालच्या ओळीला ओढ्याचं. ते मला आत्यानं ओढ्याकडं उतरताना सांगितलं.

ओढ्याकाठी तिला एकच जागा बघायची होती. तिथं आता सिमेंटचा चौथरा होता, पाहुण्यांचे तंबू लावायला.

"घाटातनं माघारी आणून हितं जाळलं त्यांला," ती म्हणाली.

चौथरा पुसणारा माणूस ओरडला, "मावशी, चपला काढा. फरशी ओली हाय."

मला वाटलं, आता ती त्याला काहीतरी सुनावेल. तिनं चपला काढल्या, चौथऱ्यावर चढली, हात जोडून त्रिसरण म्हटलं. मामा गेला तेव्हा ते म्हणायला कुणी नव्हतं. मी खालीच उभा राहिलो. त्या माणसानं पोछा बाजूला ठेवला, पण तिची पाठ वळताच तिच्या पावलांचे ठसे पुसले.

परत निघालो. घाट उतरताना मी म्हणालो, "आत्या, मी अर्ज करतो. मामाच्या नावाचा एखादा दगड तरी..."

"दगूड नको," ती म्हणाली. "लय वाह्यले."

ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "झाडं मातर दाट झालीत. आमच्या येळंला एक न्हवतं. समदी बॉयलरात गेली. आमाला हाकललं, मग उगवली."

ताडकळसला पोचल्यावर ती हळूच उतरली, दाराची कडी काढली आणि मागं न बघता आत गेली. पुन्हा तिनं माझ्याकडं काही मागितलं नाही.