धुऱ्यात घातलेला नांगर

नातवंडांनो, परवा तुम्ही फोनवर म्हणालात, तिकडे परदेशात अंगणात पाला जाळायलाही परवानगी लागते आणि हवा वाईट असेल त्या दिवशी ती मिळत नाही. मला इतका आनंद झाला! असाच नियम मी केज तालुक्यातल्या आपल्या गावात केला होता, तोही दुष्काळात.

आम्हा बायकांची दूध संस्था होती आणि मी तिची सचिव. संस्थेने लांबून कडबा आणून आमच्या खळ्यावर गंजी रचली होती. गावातल्या साऱ्या गाईम्हशी त्या एका गंजीवर जगायच्या होत्या.

शेजारच्या शेतातले भावजी, म्हणजे तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या दरवर्षी शेतातच पेटवत. धूर वस्तीवर बसे, म्हातारी माणसं खोकत, गुरांचे डोळे गळत. म्हणून मी संस्थेच्या फळ्यावर लिहिलं: आदल्या दिवशी कळवावे, धूर वस्तीकडे जात असल्यास पेटवू नये, चारी बाजूंनी आधी नांगरावे. वैनींनी वाऱ्यालाही नोटीस काढली, असं भावजी गावभर सांगत फिरले. पण कळवायला मात्र आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. भावजींनी पेटवलं, धूर सरळ वर जात होता. मी खुशीत खळ्यावर उभी. तासाभराने वारा उठला आणि मला दिसलं, आमच्या बाजूला नांगरलेलंच नाही. मधला धुरा, म्हणजे दोन शेतांमधला बांध, त्यांनी शिवला नव्हता. वीतभर धुऱ्यासाठी आपल्याकडे भाऊभाऊ कोर्टात जातात. त्या धुऱ्यावरच्या वाळल्या गवतातून आग गंजीकडे धावत सुटली.

टँकरचं पाणी नुकतंच भरलेलं. आम्ही बायकांनी घागरी वाकळांवर रित्या केल्या आणि ओल्या वाकळांनी आग बडवू लागलो. भावजी बैल जुंपून आले आणि धुऱ्यापाशी थांबले.

“वैनी, ह्यात फाळ घातला तर उद्या सरकारी मोजणी आणताल.”

“नाही आणत. घाला आडवा.”

बैल बिचकत होते, भावजी त्यांना शिव्या घालत होते. नांगराची तीन तासं, म्हणजे तीन ओळी, मातीत पडली. आग ताज्या मातीपाशी आली आणि बसली.

गंजी वाचली! काळ्याठिक्कर तोंडांनी आम्ही एकमेकींकडे बघून हसत सुटलो. धुरा नेमका कुठे होता, ते आता कुणालाच सांगता येईना. भावजी म्हणाले, तुम्ही म्हणाल तिथं. मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथं. गुरं हंबरत होती, म्हणून तो वाद तसाच ठेवून आम्ही गंजीतून पेंढ्या ओढायला लागलो.