साळुबाईचं बंद केलेलं तोंड

साळुबाईचं तोंड मीच बंद केलं. दुसऱ्या कुणावर ढकलायचं न्हाई.

माझ्या मागच्या खोलीत ती आणि तिचा नवरा भिमाजी भाड्यानं राहतात. त्याची एक बाजू लुळी, सगळं अंथरुणातच. साळुबाई जन्माची ख्रिस्ती. आमच्या निमगाव साव्यातून रोज सकाळी पिकअप भरून बाया आळे गावाकडं टोमॅटो तोडायला जातात, त्यात ही. कुणाचं पोर आजारी, कुणाला सासू छळती, की हिचं सुरू, "येशूला सांगू का तुझं?" बाया टवाळी करायच्या. एकीनं तर अंगावर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी ही पुन्हा तिच्याच शेजारी, पोराचा ताप उतरला का विचारायला. इतकी चिवट! वीस वर्षांत एक माणूस तिच्या देवाकडं वळला न्हाई, पण ही थकंना. मला नुसती चीड यायची.

मग गावात कुजबूज झाली, ही बाया बाटवती म्हणून. चारपाच जण माझ्या दारात आले. "अंबाबाई, भाडेकरू तुमची, तुमीच बघा." माझं डोकंच फिरलं. सकाळी पिकअपपाशी, चौदा बायांदेखत, मी तिच्यापुढं खंडोबाचा भंडारा धरला. आमच्यात भंडारा उचलून दिलेला शब्द कुणी मोडत न्हाई.

"उचल आणि बोल, येशूचं नाव कुणापुढं काढणार न्हाई. न्हाईतर खोली रिकामी कर."

लुळा माणूस घेऊन ती जाणार कुठं? हे मला ठाऊक व्हतं, म्हणून तर कोंडीत धरलं.

तिनं हात मागं घेतले. मग म्हणली, "आक्का, भंडारा न्हाई उचलणार. आमी शपथ घेत न्हाई. पण हो म्हणते. आमचं हो म्हंजे हो." आणि ढसाढसा रडली.

बिनभंडाऱ्याचा शब्द, दोन दिवसांत मोडंल, असं मी धरून चालले. कसलं काय! आठ महिने तिनं ब्र काढला न्हाई. कुणी रडली तर तिचा हात धरून बसायची, ओठ आवळून. बाई वाळत चालली.

अन् दिवाळीनंतर माझ्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणले, तुकडा काढून तपासू. पोरगा सोपान पुण्यात, त्याला कळवलं न्हाई. घरी येऊन मागच्या दारी बसले. साळुबाईनं माझं तोंड बघूनच ओळखलं, पाणी आणून दिलं.

"साळे, सांग की तुझ्या देवाला."

"मनात रोज सांगते, आक्का. तोंडानं कसं सांगू? शब्द दिलाय."

"अगं, मीच घेतला, मीच सोडला!"

"चौदा जणींदेखत दिलाय, तो त्यांच्यादेखतच सुटायचा. आता चोरून बोलले, तर त्या म्हणतील, खोलीसाठी खोटं बोलली. मग येशूचं कोण खरं मानंल?"

अस्सा राग आला मला! खोली माझी, घर माझं, आणि अडकले मीच. बायांपुढं जायचं म्हंजे गाठीचं सांगायचं, चूक कबूल करायची. मी! तीन दिवस पिकअपचा भोंगा ऐकून घरातच बसले.

चौथ्या दिवशी गेले. गाडी भरलेली. मी फळीला धरून उभी राहिले. ड्रायव्हर जावेद म्हणला, "आक्का, चढायचंय का?"

"न्हाई रं. बायांनो, मी हिचं तोंड बांधलं, ते चुकलं. मला गाठ झालीया. लई भ्या वाटतंय. हिला बोलू द्या."

कुणी हसलं न्हाई. साळुबाई खाली उतरली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू येशू, ही अंबाबाई..." एवढं म्हणायची आणि रडायची. पुन्हा तेवढंच म्हणायची. तेवढा वेळ जावेदनं गाडी थांबवून धरली.

संध्याकाळी गावातली तीच चारपाच मंडळी दारात. "अंबाबाई, तिच्या शब्दाचं काय झालं?"

मी म्हणलं, "तिनं पाळला. मोडला मी. खोली कुणी सोडायची असंल, तर मला काढा."