पंगत अडवणारा घास

हा मूर्खपणा मीच सांगून टाकतो बाबांनो, नाहीतर आमचं कुटुंब तिखटमीठ लावून सांगेल!

पुतण्याचं लग्न होतं, लांज्याजवळच्या एका वाडीत. मी नवऱ्याचा काका, वरपक्षात सगळ्यांत वडील. आणि नेमकं त्याच आठवड्यात रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मला झापलेलं. "साठी उलटली, आता बकाबका गिळणं बंद! घास पातळ होईपर्यंत चावा. जेवताना बोलायचं नाही." मी एकदा मनावर घेतलं की संपलंच!

पंगत बसली. लाल तांदळाचा भात, वालांची उसळ, गूळखोबऱ्याचे लाडू. मी डोळे मिटून चावायला लागलो. जरा वेळाने डोळे उघडतो तर काय? सगळ्यांच्या पत्रावळी साफ, आणि सगळे माझ्याकडे बघतायत! वडील माणूस उठल्याशिवाय पंगतीतून उठणार कोण? बायकांची पंगत तर अजून व्हायचीच होती. त्या बिचाऱ्या दारात ताटकळलेल्या.

मी आपला चावतोय.

नवरीचे वडील हात जोडून समोर आले. "काका, काय चुकला आमचा? मानपानात कमी पडला काय?"

मी तोंड मिटूनच मान हलवली. आता लग्नघरात वरपक्षाने न बोलता मान हलवली, तर त्याचा अर्थ काय घेतात? रुसवा!

"काका रुसले!" मांडवभर झालं. कोणी नारळ आणला, कोणी नवा फेटा. आत नवरी रडायला लागली. तो आवाज माझ्यापर्यंत आला. पोरीचा संसार माझ्या दाढांखाली चिरडायचा की काय? म्हटलं, खड्ड्यात गेला नेम! घास संपवला, बोलायला तोंड उघडलं...

तेवढ्यात नवरीच्या वडिलांनी अख्खा लाडू आत कोंबला! "राग सोडा, काका!"

झालं! पुन्हा चावणं आलं.

शेवटी आमचं कुटुंबच पुढे आलं. "अहो, गिळा तो! आम्ही उपाशी मरतोय!"

गिळला. असा ठसका लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"काका गहिवरले हो!" सगळा मांडव खूष.

श्वास परतल्यावर डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मांडव खो खो हसला, नवरीसुद्धा. गोडीगुलाबीने लग्न पार पडलं. त्या घरी आजही कार्य निघालं की मला अगत्याने बोलावतात, मोठ्या मानाने पाटावर बसवतात.

फक्त शेवटच्या पंगतीला!