मोठी कावीळ

माझा नवरा जुन्या सोफ्यांना नवा फोम आणि नवं कापड लावून देतो. लोकांच्या बसण्याची सोय करणारा हा माणूस स्वतः मात्र दोन मिनिटं बूड टेकत नाही. जेवतानाही त्याचा एक पाय दुकानाकडे असतो. "तुला मुंग्या चावतात का रे?" असं मी लग्नानंतर महिनाभर विचारत होते, मग नाद सोडला.

गेल्या महिन्यात सोफ्याचं एक टोक उचलताना त्याच्या पाठीत कळ आली. "उसण भरली असेल," म्हणत त्याने पंधरा दिवस मलम चोळलं, काम काही थांबवलं नाही. शेवटी मीच त्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं. सासूबाईही आल्या, न बोलावता.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "मणका चेपलाय. तेहतिसाव्या वर्षी? हाडं फार विरळ दिसतायत. लहानपणी काही मोठा आजार?"

"कावीळ," नवरा म्हणाला. "मोठी कावीळ झाली होती, दोन-तीन वर्षं. आई सांगते."

"इतकी वर्षं कावीळ?"

नवऱ्याची खुर्चीत चुळबुळ चालली होती. सासूबाई पिशवीचा बंद पिळत होत्या. खरं कारण कळलं नाही, तर हा गडी उद्या पुन्हा सोफा उचलणार आणि कायमचा आडवा होणार.

"आई, बोला ना!" मी जवळजवळ ओरडलेच.

"रक्ताचा कॅन्सर होता," त्या म्हणाल्या. "अडीच वर्षांचा होता तो."

नवरा ताडकन उठला आणि कळवळला. मला भयंकर संताप आला. लग्नानंतर आठ वर्षं एका घरात राहून ही गोष्ट माझ्यापासून लपवली, आणि त्याच्यापासूनही!

"फाइल आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "त्यातली काही औषधं पुढे हाडांना भोवतात. कोणती, किती दिली, ते कळायला हवं."

"जाळली. कुणाला कळलं असतं, तर पोराला जन्मभर आजारी म्हणूनच वागवलं असतं." मग त्यांनी पाढे म्हणावेत तशी सुरुवात केली. "व्हिंक्रिस्टिन, शिरेतून, दर सोमवारी. प्रेडनिसोलोन, दिवसाला तीन गोळ्या, अठ्ठावीस दिवस. मेथोट्रेक्सेट, पाठीच्या कण्यातून, बारा वेळा..."

तीस वर्षांपूर्वीच्या एकाही आकड्यावर त्या अडखळल्या नाहीत. डॉक्टर भराभर लिहून घेत होते. माझा राग कधी विरला, मला कळलं नाही.

"मी खूप रडायचो का गं?" नवऱ्याने उभ्यानेच विचारलं.

"तू नाही रे. मी रडायचे. तू माझे डोळे पुसायचास."